ओझे कोणाचे, खांदे कोणाचे?

दिवाळीच्या दिवसांत पटकीचे नाव काढू नये, हे मला कळते. वाचक फराळाची ताटली शेजारी घेऊन बसलेले असतात, मांडीवर अंक उघडा असतो, करंजीचा चुरा पानांवर सांडत असतो. अशा वेळी जुलाब-वांत्यांची कथा घेऊन एखादी बाई दारात आली, तर तिला उंबऱ्याबाहेरच पाणी देऊन वाटेला लावावे, हे रीतीला धरूनच होईल. पण वाचकहो, हा विषय दिवाळीत मी आणलेला नाही. तो गेल्या दिवाळीत आमच्याच बैठकीत, फराळाच्या ताटापुढेच निघाला. आणि ज्यांनी तो काढला ते आमच्या गोतावळ्यातले सर्वांत शहाणे गृहस्थ समजले जातात.

पाडव्याचा दिवस होता. हे गृहस्थ नात्याने माझे काका. सरकारी नोकरीत चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. आवाज असा खणखणीत, की त्यांनी म्हटलेली गोष्ट खोटी असेल अशी शंका घेणाऱ्यालाच चोरट्यासारखे वाटावे. बोलता बोलता गाडी निर्वासितांवर आली. काका म्हणाले, "निर्वासित एकदा आले, की पहिला बळी जातो तो दवाखान्यांचा. रोग आणतात ते, खाटा अडवतात ते, आणि औषधे संपतात ती आमची! एक्काहत्तर साली बंगालात काय झाले? इस्पितळांची धर्मशाळा झाली, धर्मशाळा!" सगळ्यांनी माना डोलावल्या. चिवडा चांगला झाला आहे याबद्दल जितके एकमत होते, तितकेच याबद्दलही झाले.

त्या बैठकीत माझी आत्या बसली होती. आज ती सत्त्याहत्तर वर्षांची आहे. मुंबईच्या एका इस्पितळात तिने नर्स म्हणून सारा जन्म काढला. एक्काहत्तर साली ती तेवीस वर्षांची होती, आणि एका स्वयंसेवी पथकाबरोबर बनगावपासून काही मैलांवरच्या निर्वासितांच्या छावणीत आठ आठवडे राहून आली होती. बैठकीतल्या निम्म्या माणसांना हे ठाऊकच नव्हते. काकांना ठाऊक होते. पण हुद्द्याची माणसे घरच्या बायकांचे पराक्रम फार दिवस ध्यानात ठेवीत नाहीत. आत्याने हातातली अर्धी करंजी ताटलीत ठेवली आणि ती उठून आत गेली.

रात्री मी तिच्या खोलीत जाऊन विचारले, "आत्या, रागावलीस का गं?"

"रागावू कशाला? तो खोटे काय बोलला? धर्मशाळाच झाली होती." मग जरा वेळाने म्हणाली, "पण अगं, माणसे किती आली ते सगळेच सांगतात. नर्सा किती होत्या, हे एकदा तरी विचारा की कुणीतरी!"

हा प्रश्न गेले वर्षभर माझ्या मानगुटीवर बसला आहे. मी काही वैद्यक शिकलेली नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. बालवर्गातल्या मुलांची नाके पुसते आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहिते. पण काकांच्या वाक्यातली लबाडी दाखवायला वैद्यक यावेच लागते असे नाही. त्रैराशिक आले तरी पुरे.

१९७१ च्या मार्चच्या २५ तारखेच्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने कत्तल आरंभली, आणि तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून माणसे सीमा ओलांडू लागली. वर्ष संपण्याच्या आत ती एक कोटीच्या घरात गेली. बंगाल, त्रिपुरा, आसाम, मेघालय इथे आठशेहून अधिक छावण्या उभ्या राहिल्या. एकट्या बनगावच्या आसपास साडेतीन लाख माणसे येऊन पडली होती. जूनमध्ये पाऊस सुरू झाला. जेसोर रोडच्या दोन्ही अंगांना ताडपत्र्या, पाण्याचे पाइप, गोणपाटे, ज्याला जे सापडले त्याच्याखाली संसार. पिण्याचे पाणी, न्हाण्याचे पाणी आणि मळाचे पाणी यांत काही भेद उरलेला नाही. अशा ठिकाणी पटकी येते. तिला बोलवावे लागत नाही. आणि या सगळ्यांसाठी बनगावच्या इस्पितळात पटकीच्या रोग्यांकरता जागा होती ती किती? दोन खोल्या आणि सोळा खाटा.

आता माझा त्रैराशिकाचा हिशेब पाहा. माझ्या वर्गात चाळीस मुले आहेत. उद्या सकाळी शाळेच्या फाटकात सहाशे मुले उभी राहिली आणि वरून हुकूम आला, 'बाई, घ्या सगळ्यांना आत.' मी एकटी, फळा एक, पाण्याचा माठ एक. दुपारपर्यंत माठ फुटेल, संध्याकाळपर्यंत मी रडकुंडीला येईन, आणि माझी मूळची चाळीस मुले त्या दिवशी एक अक्षरही शिकणार नाहीत. दुसऱ्या दिवशी एखादा अधिकारी येऊन वहीत शेरा लिहील, 'मुलांमुळे शाळा मोडली.' असा शेरा वाचून तुम्ही हसाल. म्हणाल, अहो, मुले आली तर बाई द्यायच्या, फळे द्यायचे, तंबू ठोकून वर्ग भरवायचे; मुलांवर कसले खापर फोडता? मग दवाखान्याच्या बाबतीत हाच शेरा ऐकताना आपली मान कशी डोलते?

काकांना मी एक गोष्ट मोकळ्या मनाने देऊन टाकते. बनगावात राहणारी, तिथलीच, एखादी लेकुरवाळी त्या जूनमध्ये बाळंतपणासाठी इस्पितळात आली असेल, आणि तिला खाट सोडाच, भिंतीशी टेकायला जागा मिळाली नसेल. तिचा राग खोटा नाही. तिचा नवरा छावणीकडे बोट दाखवून चार शिव्या हासडत घरी गेला असेल, तर त्याला मी नावे ठेवणार नाही. त्रिपुरा तर तेव्हा एवढासा केंद्रशासित प्रदेश. साडेपंधरा लाख वस्ती, आणि वर आली सुमारे चौदा लाख माणसे! म्हणजे घरात जितकी माणसे, जवळजवळ तितकेच पाहुणे. अगरतळ्याच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयात गोळ्यांनी आणि तोफांनी फाटलेली माणसे येत होती, शल्यविशारद डॉ. रथीन दत्त आणि त्यांचे सहकारी शस्त्रक्रिया करीत होते. त्या वर्षी अगरतळ्याच्या माणसाला हर्नियाचे ऑपरेशन लांबणीवर टाकावे लागले असेल, तर त्याला झालेला त्रास खराच. सोसले त्याने, नाही कोण म्हणतो?

पण राग खरा असला म्हणजे तो योग्य दारावरच थापा मारतो असे नाही. त्या बनगावच्या बाईला खाट नव्हती, कारण लाखभर माणसांच्या मुलखाला सोळा खाटा आणि मोजक्या नर्सा पुरतात असे कुणीतरी आधीच ठरवून ठेवले होते. निर्वासित येण्यापूर्वीही तिथे एखाद्या पावसाळ्यात पटकीची साथ आली असती, तरी त्या दोन खोल्या अशाच भरून वाहिल्या असत्या. निर्वासितांनी एवढेच केले, की झाकलेल्या मुठीची बोटे उघडली. आत काही नव्हते.

आता आत्याची गोष्ट. ती फारसे सांगत नाही. वर्षभरात तुकड्यातुकड्यांनी सांगितले ते मी जोडून लिहिते.

पटकीच्या रोग्याची खाट वेगळी असते. मधोमध भोक, आणि खाली बादली. किती पाणी अंगातून गेले ते बादलीवरून मोजायचे आणि तितके शिरेतून परत भरायचे. जोराची पटकी असली तर तासाला लिटरभर पाणी जाते. माणूस सकाळी चालत येतो आणि दुपारी त्याची नाडी लागत नाही. शिरा आटून दोऱ्यासारख्या होतात. त्यांत सुई घालायला शिकलेला, सरावलेला हात लागतो. एका रोग्याला बाटल्यांमागून बाटल्या लागतात. बाटल्या कलकत्त्याहून येणार, त्या पावसात, त्या रस्त्यावरून. आत्याच्या छावणीत रात्रपाळीला तीन नर्सा होत्या. रोगी किती, असे मी विचारले तर म्हणाली, "मोजायला वेळ कुणाला होता? जमीन दिसत नव्हती, एवढे आठवते." खाटा केव्हाच संपल्या होत्या, रोगी जमिनीवर, चिखलात आणि त्यांच्याच घाणीत पडलेले. सुई घालायची तर त्या घाणीतच गुडघे टेकून बसावे लागे. तिचे पाय आठ आठवडे कोरडे झाले नाहीत. ती जेवे ती उभ्याने, आणि झोपे ती बाटल्यांच्या खोक्यावर बसून.

एका रात्री बाटली उरली एक आणि रोगी होते दोन. दोन्ही मुलगे. एक सहा-सात वर्षांचा, दुसरा त्याहून थोडा थोर. डॉक्टर दुसऱ्या तंबूत होते. तेवीस वर्षांच्या पोरीने ठरवायचे होते. तिने ठरवले. कोणाला दिली ते तिने मला सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. आमच्या घरात नळाखाली रिकामी बादली ठेवून नळ सोडायचा नाही, असा तिचा दंडक आहे. आधी तळाशी तांब्याभर पाणी घालायचे, मग नळ सोडायचा. लहानपणापासून आम्हाला वाटे, ही आत्याची काहीतरी सोवळ्याची खोड असेल. खोड नव्हे ती. रिकाम्या बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज तिला सोसत नाही.

काका म्हणाले, इस्पितळांची धर्मशाळा झाली. धर्मशाळेत मुक्काम कुणाचा होता ते त्यांनी पाहिले. तिथे राबत कोण होते, ते नाही पाहिले.

पण माझे खरे भांडण याच्या पुढे आहे. काकांच्या वाक्यात एक गृहीत दडलेले आहे : येणारा माणूस म्हणजे नुसते तोंड, नुसते पोट, नुसता रोग. त्याला हात नसतातच! आणि बनगावला त्याच उन्हाळ्यात-पावसाळ्यात जे घडले, त्याने या गृहीताचे पार पितळ उघडे पाडले.

तिथे दिलीप महालनोबिस नावाचे एक बालरोगतज्ज्ञ होते. त्यांचा जन्मही पूर्व बंगालातल्या किशोरगंजचा, हे जाता जाता सांगते. कलकत्त्यातल्या एका संशोधन केंद्रातून ते जूनच्या अखेरीस बनगावला आले. काही दिवसांतच त्यांच्या ध्यानात आले, की बाटल्यांवर भिस्त ठेवली तर ही लढाई हरल्यातच जमा आहे. बाटल्या संपत चालल्या होत्या आणि त्या लावणारे हात मूठभर. मग त्यांनी एक निर्णय घेतला. मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते पाणी रोग्याला तोंडाने पाजायचे. लिटरला ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ साडेतीन ग्रॅम, सोडा अडीच ग्रॅम. हे ज्ञान नवे होते, पण अगदीच अधांतरी नव्हते. डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश या दोघा तरुण अमेरिकन डॉक्टरांनी १९६८ साली ढाक्यातच, हो, ज्या मुलखातून ही माणसे पळून आली त्याच ढाक्यात, तोंडाने पाजलेले असे पाणी पटकीच्या रोग्याच्या अंगी लागते हे दाखवून दिले होते. पण ते इस्पितळात, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत. चिखलात पडलेल्या हजारोंना ते पाजावे आणि पाजणाराने वैद्यकाचे एक अक्षरही शिकलेले नसावे, ही गोष्ट मोठमोठ्या डॉक्टरांच्या पचनी पडणारी नव्हती.

कलकत्त्यात त्या केंद्रातल्या ग्रंथालयाच्या खोलीत माणसे पुड्या बांधायला बसली. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत मोजून भुकटी भरायची आणि गरम इस्त्री फिरवून पिशवीचे तोंड चिकटवायचे. लिटरमागे खर्च अकरा पैसे. बनगावला मोठी पिंपे आणली, त्यांना तोट्या बसवल्या, पाण्यात पुड्या सोडल्या. आणि पाजणार कोण? नर्सा तर नव्हत्याच. मग रोग्याची आई, बहीण, बाप, नवरा, जो कोणी शेजारी उकिडवा बसला असेल तो. पेला भरायचा, घोटघोट पाजायचे. ओकला तर थोडे थांबायचे, पुन्हा पाजायचे. आठ आठवड्यांत तिथे ३७०० वर रोग्यांना उपचार मिळाले. त्या साथीत आधी शेकडा तीसपर्यंत माणसे मरत होती; बनगावच्या त्या केंद्रात शेकडा ३.६ मेली.

आता काकांनी मला सांगावे, काय बदलले? निर्वासितांची संख्या घटली का? मुळीच नाही, ती वाढतच होती. नवे इस्पितळ बांधले का? खोल्या त्याच होत्या. बदलले ते इतकेच, की ज्यांना आपण ओझे म्हणत होतो, त्यांच्या हातांत कोणीतरी पेला दिला. त्या क्षणाला बनगावात हजारो परिचारिका निर्माण झाल्या. त्यांच्या अंगावर पांढरा पोशाख नव्हता, धड लुगडेही नव्हते. पण त्या होत्या.

आत्या म्हणते, "पहिले तीन आठवडे बाटल्यांचे, पुढचे पाच पिंपांचे. पिंप आले आणि मी पहिल्यांदा दोन तास आडवी झाले. एक म्हातारी होती, तिची सून दगावलेली. नातवाला पाजून बरा केला, आणि मग निघून न जाता ती दुसऱ्यांच्या पोरांना पाजीत बसायची. मला म्हणायची, दीदी, तू झोप, मी जागी आहे." बंगाली आत्याला येत नव्हते. पण एवढे समजायला काही भाषा लागत नाही.

त्रिपुरात, विश्रामगंजला, हीच गोष्ट दुसऱ्या रूपाने घडत होती. विलायतेतले शिक्षण अर्ध्यावर टाकून आलेले डॉ. झफरुल्ला चौधुरी आणि डॉ. मोबिन यांनी तिथे बांबूचे इस्पितळ उभे केले, ४८० खाटांचे. नर्सा नव्हत्या. मग निर्वासित मुलींनाच थोड्या दिवसांत मलमपट्टी, ताप पाहणे, सुई देणे शिकवले आणि वॉर्ड त्यांच्यावर सोपवले. लढाई संपल्यावर चौधुरींनी १९७२ मध्ये ढाक्याजवळ सावार येथे गणस्वास्थ्य केंद्र सुरू केले, तेव्हा खेड्यातल्या मुलींना आरोग्यसेविका करण्याची त्यांची कल्पना या बांबूच्या वॉर्डातून उचललेली होती.

आणि काकांच्या माहितीसाठी एक घरगुती बातमी. गेल्या वैशाखात त्यांच्या नातवाला जुलाब लागले, तेव्हा काकूंनी धावत जाऊन केमिस्टाकडून जी जलसंजीवनीची पुडी आणली आणि चमच्याचमच्याने पाजली, ती त्या छावणीच्या चिखलातून उठून आपल्या स्वयंपाकघरात आली आहे. 'निर्वासित काय आणतात?' असे पुन्हा कोणी विचारले तर काकूंना विचारावे.

रोग आणतात, हा दुसरा आरोप. त्या वर्षी कलकत्त्यात डोळे येण्याची मोठी साथ पसरली. लाल झालेले, रक्त उतरलेले डोळे. लोकांनी त्या रोगाचे नावच 'जय बांगला' ठेवले! निर्वासितांची घोषणा रोगाला चिकटवून दिली. बंगाली माणूस डोळे आले की आजही हेच नाव घेतो. खरी हकीकत काय? हा रोग प्रथम ओळखला गेला तो १९६९ साली आफ्रिकेत, घाना देशात. चंद्रावर माणूस उतरला ते वर्ष, म्हणून तिथल्या लोकांनी त्याला अपोलोचे नाव दिले. तिथून तो देशोदेशी फिरत आला. १९७१ मध्ये तो मुंबईतही जोरात होता, आणि मुंबईत काही छावण्या नव्हत्या. घानाच्या लोकांनी चंद्राला दोष दिला, आपण निर्वासितांना दिला. चंद्राने मनावर घेतले नाही.

पण देवीच्या रोगाची गोष्ट याहून बोचरी आहे, आणि ती मला वाटते फार थोड्यांना ठाऊक असेल. पूर्व पाकिस्तानातून १९७० च्या ऑगस्टनंतर देवी हद्दपार झाली होती. म्हणजे ही माणसे आली ती देवी नसलेल्या मुलखातून. आपल्याकडे मात्र देवी होती. कलकत्त्याच्या सॉल्ट लेकच्या छावणीत, अडीच लाखांच्या दाटीत, तिचा उद्भव झाला. तिथल्या वैद्यकवाल्यांनी त्या कांजिण्या समजल्या. डिसेंबरात लढाई संपली, निर्वासित आनंदाने मायदेशी निघाले आणि बांगलादेशात देवी घेऊन गेले. पुढे ती तिथून निपटून काढायला जवळजवळ चार वर्षे लागली. भोला बेटावरची रहिमा बानू ही तीन वर्षांची मुलगी १९७५ च्या ऑक्टोबरात आजारी पडली, तिथे त्या भयंकर देवीची अखेर झाली. आता सांगा, रोग कोणी कोणाला दिला? त्या छावणीत लस नीट टोचायला आणि फोड ओळखायला शिकलेली पुरेशी माणसे असती, तर? पुन्हा आत्याचाच प्रश्न.

खर्च झाला हे मी नाकारीत नाही. देशाने पैसा ओतला. ज्यांचे वय आहे त्यांना आठवत असेल, १९७१ च्या १५ नोव्हेंबरपासून १९७३ च्या मार्चअखेरपर्यंत पत्राला पाच पैशांचे जादा 'निर्वासित साहाय्य' तिकीट लावावे लागे. आमच्या आजीने जपून ठेवलेल्या पत्रांवर ती तिकिटे मी पाहिली आहेत. गरीब देशाने पत्रापत्रामागे पाच पैसे दिले. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण नाशिकच्या छापखान्यात तिकिटे छापता येतात, नर्सा छापता येत नाहीत. नर्स तयार व्हायला वर्षे लागतात, आणि ती वर्षे साथ येण्याच्या आधी घालवावी लागतात. साथ आल्यावर आपण काय करतो? असलेल्या चार जणींनाच चौपट जुंपतो, आणि मग त्यांना देवी म्हणतो.

या देवीपणाची मला मनस्वी चीड आहे. बाईला देवी म्हटले, की तिला झोप लागत नाही, भूक लागत नाही, आणि मुख्य म्हणजे पगार लागत नाही. आत्या परत आली तेव्हा एका सभेत तिला शाल आणि नारळ मिळाला. अध्यक्षांनी तिला करुणेची मूर्ती म्हटले. पुढच्या पहिल्या तारखेला तिच्या इस्पितळाने त्या आठ आठवड्यांची रजा बिनपगारी धरून कापून घेतली. शाल अजून आमच्या कपाटात आहे. २०२० च्या मार्चमध्ये आपण सर्वांनी गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजवल्या, आत्यानेही वाजवली. आणि २०२१ च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या आशासेविकांना मानधनासाठी संपावर जावे लागले, तेव्हा ती म्हणाली, "थाळी वाजवली हे ठीक. पण थाळीत वाढायचे असते, हे विसरले वाटते."

काका म्हणतील, या सगळ्या जुन्या गोष्टी झाल्या. बरे, नवी घ्या. २०१७ च्या ऑगस्टपासून अवघ्या काही महिन्यांत म्यानमारातून सात लाखांवर रोहिंग्या माणसे बांगलादेशात कॉक्स बाजारला येऊन पडली. कालचा निर्वासित आता यजमान झाला होता. वर्षअखेरीस छावण्यांत घटसर्प उसळला. बांगलादेशातल्या अनेक तरुण डॉक्टरांनी घटसर्प नुसता पुस्तकात वाचलेला. लसीमुळे तो दिसेनासा झाला होता. तो आला कोठून? ज्या पोरांना त्यांच्या स्वतःच्या देशात कधी लसच टोचली गेली नव्हती, त्यांच्या घशातून. म्हणजे हा रोग निर्वासिताने आणलेला नव्हता. एका सरकारने दवाखान्याचे दार बंद करून त्याच्याबरोबर धाडलेला होता. पटकीच्या बाबतीत मात्र या वेळी बांगलादेशाने वाट पाहिली नाही. ऑक्टोबरातच पटकीवरच्या लसीचे नऊ लाख डोस तिथे आणून पाजायला सुरुवात केली. एक्काहत्तरची पुनरावृत्ती तिथे झाली नाही. छावणी त्याहून दाट होती तरी झाली नाही.

सीमेवर कोणाला आत घ्यावे आणि कोणाला घेऊ नये, याचा निवाडा मी करीत नाही. तो मोठ्या लोकांचा प्रांत. त्यात मतभेद असणारच. माझे म्हणणे फाटकाच्या आतले आहे. माणूस आत आलेला आहे, तो जमिनीवर पडलेला आहे, आणि त्याच्या शेजारी एक तेवीस वर्षांची पोर हातात एकच बाटली घेऊन उभी आहे. तिच्या पाठीशी कोणी उभे राहणार आहे की नाही, की तिथेही आपण पडलेल्याकडेच बोट दाखवून 'ओझे, ओझे' म्हणून ओरडणार? ओझे खरेच. पण ते काकांच्या खांद्यावर कधीच नव्हते. माझ्याही नव्हते.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, त्या वस्तीचे पुढे उल्हासनगर झाले. आमचे आजोबा तेव्हा कल्याणात राहत. त्यांच्या तोंडून घरात शब्दशः हेच वाक्य ऐकलेले आमचे वडील सांगत : आता आपल्याला दवाखान्यात कोण विचारतो! आज त्या बाजूला गेले की सिंधी आडनावांच्या डॉक्टरांच्या पाट्या वाचायला मिळतात. दोन वर्षांपूर्वी काकांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन ज्यांनी केले, त्यांचे आजोबा त्या छावणीत बराकीत राहत होते, हे त्या डॉक्टरांनीच काकांना सांगितले. काकांना दिसते आता चांगले.

आत्याचा प्रश्न मी संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर काकांना पत्राने लिहून कळवला : माणसे किती आली ते तुम्ही सांगितलेत, नर्सा किती होत्या? पत्राचे उत्तर अजून आलेले नाही. या पाडव्याला ते नेहमीप्रमाणे यायचे आहेत. आत्याने त्यांच्या आवडीच्या चकल्यांची भाजणी स्वतः भाजून दळायला टाकली आहे, आणि या वेळी बैठकीतून उठून आत जायचे नाही, असे तिने मला सकाळीच सांगून ठेवले आहे.